गूगलवर सेलू सापडावे म्हणून

सर्च इंजिनच्या निकालात एखादे वेबपान दिसण्याआधी त्याला तीन टप्पे पार करावे लागतात. पहिल्या टप्प्यात सर्च इंजिनचा स्वयंचलित वाचक, म्हणजे क्रॉलर, त्या पानापर्यंत पोहोचतो आणि त्याचा कोड उतरवून घेतो. गूगलच्या क्रॉलरचे नाव गूगलबॉट, मायक्रोसॉफ्टच्या बिंगचा तो बिंगबॉट. दुसऱ्या टप्प्यात त्या कोडमधून मजकूर, दुवे आणि चित्रे वेगळी काढली जातात आणि पान ठेवण्याजोगे ठरले तर इंडेक्समध्ये त्याची नोंद होते. तिसऱ्या टप्प्यात, कोणी काही शोधले की या नोंदी चाळून जुळणारी पाने क्रमाने मांडली जातात. वेबसाइट निकालात मागे पडते किंवा मुळीच दिसत नाही, तेव्हा अडचण यांपैकी एखाद्या टप्प्यावर असते. तो टप्पा आधी ओळखला तर दुरुस्ती बहुधा लहान निघते. न ओळखताच कोडमध्ये बदल केले तर मूळ दोष झाकला जातो आणि त्यावर नवे दोष चढतात.

वर्धा-नागपूर मार्गावरील सेलू हे या तपासणीसाठी उपयोगी उदाहरण आहे. वर्धा जिल्ह्याच्या आठ तालुक्यांपैकी एकाचे हे मुख्य ठिकाण. २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळालेले बोर अभयारण्य, बोर धरण आणि केळझरचे गणपती मंदिर यांमुळे या भागात बाहेरगावचे लोक येतात. पर्यटकांची निवासस्थाने, कृषी केंद्रे, महाविद्यालये, शेतकरी उत्पादक कंपन्या, नगरपंचायत अशा कोणालाही येथे वेबसाइटची गरज पडते. मात्र सेलू नावाचे दुसरे तालुक्याचे गाव परभणी जिल्ह्यात आहे, आणि मुंबईच्या कर्जत लोकलमार्गावर नेरळ आणि वांगणी यांच्यामध्ये शेलू स्थानक आहे. रोमन लिपीत वर्ध्याच्या सेलूचा शेवटचा उकार कोणी ‘यू’ने लिहितो, कोणी दोन ‘ओ’ जोडून. शिवाय मजकूर मराठीत. म्हणजे कोणत्याही वेबसाइटला भेडसावणारे सर्वसाधारण दोष आणि मराठी गावाच्या वेबसाइटला भेडसावणारे खास दोष, दोन्ही येथे एकत्र येतात.

पान इंडेक्समध्ये आहे का?

तपासणीची सुरुवात याच प्रश्नाने होते. गूगलच्या शोधपेटीत रोमन लिपीत ‘साइट’ हा शब्द, त्याला लागून कोलन आणि मध्ये जागा न सोडता वेबसाइटचा पत्ता लिहिला, की त्या वेबसाइटची इंडेक्समधील काही पाने दिसतात. ही यादी पूर्ण नसते, पण काहीच न दिसणे आणि बरेच काही दिसणे यातला फरक तिच्यातून लगेच कळतो. अचूक उत्तर गूगल सर्च कन्सोल या मोफत साधनात मिळते. पूर्वी ते ‘वेबमास्टर टूल्स’ म्हणून ओळखले जाई. सध्याचे नाव २०१५ मधले. वेबसाइट आपलीच आहे हे एकदा सिद्ध केले की ‘यूआरएल तपासणी’ या सुविधेत एकेका पानाची स्थिती पाहता येते: गूगलबॉट शेवटचा कधी आला, पान त्याला मिळाले का, इंडेक्समध्ये आहे का, आणि नसेल तर का नाही.

येथून तपासणीला दोन वाटा फुटतात. पान इंडेक्समध्ये नसेल, तर दोष पोहोचण्यात किंवा वाचण्यात आहे. पान इंडेक्समध्ये असूनही शोधात वर येत नसेल, तर प्रश्न ओळखीचा, एकाच पानाच्या अनेक प्रतींचा, वेगाचा किंवा निव्वळ स्पर्धेचा असतो. पहिल्या प्रकारात मजकूर सुधारून काही होत नाही आणि दुसऱ्या प्रकारात क्रॉलरचा रस्ता उकरून काही हाती लागत नाही.

दारातच अडकलेला क्रॉलर

क्रॉलरने पान मागितले की सर्व्हर आधी तीन अंकी सांकेतिक उत्तर देतो. २०० म्हणजे पान मिळाले, ३०१ म्हणजे कायमचे दुसरीकडे गेले, ४०४ म्हणजे येथे असे पान नाही, ५०० च्या घरातील आकडा म्हणजे सर्व्हरचीच चूक. वाचकाला पडद्यावर जे दिसते ते आणि हा आकडा नेहमी जुळतातच असे नाही. ‘हे पान उपलब्ध नाही’ असे लिहिलेले पान सर्व्हरने २०० या आकड्यासह पाठवले तर गूगल त्याला ‘सॉफ्ट ४०४’ ठरवते. दुरुस्तीसाठी वेबसाइट काही तास बंद ठेवायची असेल तर ५०३ हे उत्तर द्यावे, कारण त्याचा अर्थ ‘थोड्या वेळाने या’ असा होतो. पण ५०३ अनेक दिवस चालू राहिले तर पाने इंडेक्समधून गळू लागतात.

दुसरा अडथळा सुरक्षेच्या भिंतीचा. होस्टिंग कंपनीचे किंवा वेबसाइटवर बसवलेले फायरवॉल कधी कधी गूगलबॉटलाच घुसखोर समजते. काही भारतीय सरकारी वेबसाइट सुरक्षेसाठी परदेशातून येणारी मागणी अडवतात. गूगलबॉट मात्र मुख्यतः अमेरिकेतील पत्त्यांवरून येतो. परिणाम असा होतो, की सेलूतील मोबाइलवर पान व्यवस्थित उघडते आणि गूगलला ते बंद दिसते. म्हणून पान ‘माझ्याकडे उघडते’ एवढ्यावर न थांबता सर्च कन्सोलमधील ‘थेट चाचणी’ घ्यावी. त्या वेळी मागणी गूगलकडूनच जाते.

तिसरा अडथळा वेबसाइटने स्वतः लावलेला असतो. ‘रोबोट्स डॉट टीएक्सटी’ नावाची छोटी फाइल क्रॉलरला कुठे जाऊ नये ते सांगते. ही प्रथा नेदरलँड्सच्या मार्टाइन कोस्टर यांनी १९९४ मध्ये सुचवली आणि २०२२ मध्ये तिला आरएफसी ९३०९ या नावाने इंटरनेट मानकाचे रूप मिळाले. या फाइलमध्ये ‘डिसअलाऊ’ या आज्ञेपुढे एकच तिरपी रेघ असली तर सगळी वेबसाइट क्रॉलरला बंद होते. वेबसाइट तयार होत असताना डेव्हलपर मुद्दाम ही आज्ञा टाकतात, आणि उद्घाटनानंतर ती काढायची राहून जाते.

वर्डप्रेस या वेबसाइट बनवण्याच्या प्रणालीत याच चुकीचे दुसरे रूप आढळते. तिथे ‘रीडिंग’ या सेटिंगमध्ये सर्च इंजिनांना परावृत्त करण्याची एक चौकट असते. तिच्यात खूण राहिली की प्रत्येक पानात ‘नोइंडेक्स’ हा टॅग जातो, म्हणजे ‘वाचा, पण नोंद करू नका’. रोबोट्स फाइल आणि नोइंडेक्स यांची कामे वेगळी आहेत. पहिली पान वाचू देत नाही, दुसरा पान वाचू देतो पण नोंदवू देत नाही. दोन्ही एकाच पानावर लावले तर उलटाच परिणाम होतो. क्रॉलरला पान उघडताच येत नसल्यामुळे आतला नोइंडेक्स दिसत नाही, आणि इतर वेबसाइटवरील दुव्यांवरून त्या पानाचा नुसता पत्ता, वर्णनाशिवाय, निकालात येऊ शकतो. एखादे पान निकालातून काढायचे असेल तर रोबोट्स फाइलमधील बंदी उठवून नोइंडेक्स ठेवावा. नोइंडेक्सची आज्ञा रोबोट्स फाइलमध्येच लिहिण्याची युक्तीही काही जण वापरत. गूगलने १ सप्टेंबर २०१९ पासून ती मानणे बंद केले.

पोहोचला, पण वाचता आले नाही

क्रॉलर आत आल्यावर त्याला काय दिसते, हा पुढचा भाग. आजच्या अनेक वेबसाइटचा मजकूर मूळ कोडमध्ये नसतो. पान उघडल्यावर जावास्क्रिप्ट तो आणून मांडते. गूगलबॉट जावास्क्रिप्ट चालवू शकतो आणि २०१९ पासून तो क्रोम ब्राउझरच्या ताज्या आवृत्तीच्या आधारे काम करतो. तरी त्याच्या मर्यादा आहेत. तो बटणे दाबत नाही आणि माणसासारखे पान खाली सरकवत नाही. बोरच्या जंगलाजवळील एखाद्या निवासाच्या वेबसाइटवर खोल्यांची माहिती ‘आणखी पाहा’ दाबल्यावरच सर्व्हरकडून येत असेल, तर ती गूगलच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते. जावास्क्रिप्टची फाइल ठेवलेला फोल्डर रोबोट्स फाइलने बंद केला असेल, तरी पान रिकामे दिसते.

दुव्यांचेही तसेच. एका पानावरून दुसऱ्या पानावर जायला क्रॉलरला अँकर टॅग आणि त्यातील ‘एचरेफ’ हा पत्ता लागतो. मेन्यूमधील शब्द नुसत्या क्लिकच्या आज्ञेने पान बदलत असतील, तर माणूस पुढे जातो आणि क्रॉलर मुखपृष्ठावरच थांबतो. अशा वेबसाइटचे मुखपृष्ठ तेवढे इंडेक्समध्ये आणि बाकी काहीच नाही, असे चित्र दिसते. पत्त्यांची यादी देणारी ‘साइटमॅप’ फाइल येथे मदत करते. गूगलने ही पद्धत २००५ मध्ये आणली आणि २००६ मध्ये याहू व मायक्रोसॉफ्ट तिच्यात सामील झाले. एका साइटमॅपमध्ये जास्तीत जास्त ५०,००० पत्ते चालतात. तालुक्याच्या गावातील वेबसाइटला एकच फाइल पुरून उरते. तरीही साइटमॅप हा दुव्यांना पर्याय नाही. ज्या पानाकडे वेबसाइटमधून एकही दुवा जात नाही, ते महत्त्वाचे नसावे असाच अर्थ काढला जातो.

वाचनातला सर्वांत फसवा दोष कोडच्या शिरोभागात, म्हणजे ‘हेड’मध्ये असतो. पानाचे शीर्षक, वर्णन, नोइंडेक्स आणि इतर सूचना तिथे असतात, आणि एचटीएमएलच्या नियमानुसार हेडमध्ये मोजकेच टॅग चालतात. कोणी तिथे चित्राचा, ‘डिव्ह’चा किंवा ‘आयफ्रेम’चा टॅग घातला तर हेड तिथेच संपले असे मानून वाचन पुढे सरकते आणि त्याखालच्या सूचना दुर्लक्षित राहतात. जाहिरातीचा, चॅटच्या खिडकीचा किंवा अभ्यागत मोजण्याचा तयार कोड चिकटवताना असे घडते. पडद्यावर काहीच बिघडलेले दिसत नाही, पण खालची सूचना निकामी झालेली असते. म्हणून शीर्षक आणि सर्व सूचना हेडच्या आरंभी ठेवाव्यात आणि चिकटवलेले कोड शेवटी.

या भागात एक जुना गैरसमजही आहे. हेडमधील ‘कीवर्ड्स’ टॅगमध्ये सेलू, वर्धा, नागपूर, बोर असे शब्द ओळीने कोंबण्याची सवय अजून टिकून आहे. क्रम लावताना हा टॅग विचारात घेत नसल्याचे गूगलने २००९ मध्येच जाहीर केले आहे. तो असल्याने नुकसान नाही, पण त्यावर घालवलेला वेळ वाया जातो.

मराठी अक्षरांच्या अडचणी

मराठी वेबसाइटचा दोष पुष्कळदा अक्षरांच्या साठवणुकीत असतो. देवनागरीला युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतच, १९९१ मध्ये, स्थान मिळाले. पण मराठी संगणकावर बराच काळ छपाईसाठीच्या फॉन्टांचे राज्य होते. या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या बसवलेल्या असत. डोळ्यांना मराठी दिसे, मात्र फाइलमध्ये इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग असे. मराठी वृत्तपत्रांच्या सुरुवातीच्या वेबसाइटही अशाच स्वतंत्र फॉन्टांवर चालत. त्यांतला मजकूर शोधता येत नव्हता, कारण सर्च इंजिन आकृती पाहत नाही, सांकेतिक क्रमांक वाचते. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियासारख्या प्रकल्पांनी पहिल्यापासून युनिकोड स्वीकारला आणि पुढे वृत्तपत्रेही तिकडे वळली.

जुन्या फॉन्टांचा वारसा मात्र पीडीएफमध्ये टिकून आहे. गावोगावच्या छापखान्यांत तयार झालेली माहितीपत्रके, निविदा आणि अहवाल जुन्याच फॉन्टात जुळवून पीडीएफ केले जातात. अशा पीडीएफमधला मजकूर निवडून दुसरीकडे चिकटवला की खरे रूप उघड होते: मराठीऐवजी रोमन चिन्हांचा गोंधळ दिसला तर सर्च इंजिनलाही तोच दिसतो. स्कॅन केलेल्या कागदांत तर मजकूरच नसतो, नुसते चित्र असते. त्यातली अक्षरे ओळखली जातीलच याची खात्री नसल्यामुळे सूचनेचा गाभा पानावर युनिकोडमध्ये लिहावा आणि पीडीएफ सोबत जोडावी. समारंभाचे किंवा सवलतीचे पत्रक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते तसे चित्र म्हणून टाकले असेल, तर त्यातला मजकूरही पानावर वेगळा द्यावा.

युनिकोड असूनही दोन बिघाड उद्भवतात. पहिला संकेतनाचा. मजकूर यूटीएफ-८ पद्धतीने साठवला असेल आणि पान दुसरीच पद्धत जाहीर करत असेल, तर अक्षरांऐवजी परकी चिन्हे उमटतात. यूटीएफ-८ ची घोषणा कोडच्या पहिल्या १,०२४ बाइटांत असावी, असा नियम आहे. चिन्हांचा गोंधळ दिसत असेल तर मजकूर सहसा परत मिळवता येतो. पण डेटाबेसचा तक्ता देवनागरी स्वीकारतच नसेल आणि अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे साठली असतील, तर मूळ मजकूर गेलेला असतो आणि पुन्हा टंकावा लागतो.

दुसरा बिघाड एकच अक्षर अनेक प्रकारे लिहिता येण्याचा. कृषी केंद्राच्या पानावर ‘शेतकऱ्यांसाठी पऱ्हाटीचे बियाणे’ असे लिहिले, तर त्यातला अर्धा र दोन रीतींनी येतो: नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि अदृश्य ‘झिरो विड्थ जॉइनर’. दोन्ही पडद्यावर सारखे दिसतात, पण साठवणुकीत वेगळे असतात. काही कीबोर्डांतून तर रफार उमटून ‘शेतकर्यांसाठी’ असे चुकीचे रूप तयार होते. ‘ॲप’मधील ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आले, त्याआधीचा मजकूर अ आणि चंद्र जोडून लिहिलेला असे. मोठी सर्च इंजिने असे बरेच फरक सांभाळून घेतात, पण वेबसाइटमधील स्वतःची शोधपेटी ते सांभाळत नाही आणि तिथे ‘काही सापडले नाही’ असे उत्तर येते. संपूर्ण वेबसाइटभर एकच रीत ठेवणे आणि साठवण्यापूर्वी मजकूर एका साच्यात आणणे हा त्यावरचा उपाय.

पत्त्यांतली देवनागरी हा वेगळाच विषय. वेबपत्त्यात देवनागरी लिहिली की आतून प्रत्येक वर्णाचे आणि मात्रेचे तीन बाइट होतात आणि प्रत्येक बाइटसाठी टक्क्याच्या चिन्हासह तीन चिन्हे लागतात. ‘सेलू’ या शब्दात स, एकाराची मात्रा, ल आणि ऊकाराची मात्रा असे चार घटक आहेत, म्हणून त्याची लांबी ३६ चिन्हे होते. वर्डप्रेस पानाच्या नावासाठी २०० चिन्हांची मर्यादा पाळते, म्हणजे देवनागरीचे जेमतेम २२ घटक. लांब मराठी मथळ्याचा पत्ता मध्येच तुटतो तो यामुळे. सारख्याच शब्दांनी सुरू होणाऱ्या दोन सूचनांचे पत्ते तुटल्यावर एकसारखे होतात आणि दुसऱ्यापुढे आकडा लागतो. देवनागरी पत्ते सर्च इंजिनला चालतात. ते तीन-चार शब्दांचे आणि हाताने ठरवलेले असावेत, एवढेच.

एकाच पानाच्या अनेक प्रती

एकच पान ‘एचटीटीपी’ आणि ‘एचटीटीपीएस’, तीन डब्ल्यूंसह आणि त्यांच्याशिवाय, शेवटी तिरपी रेघ असताना आणि नसताना, अशा अनेक पत्त्यांवर उघडू शकते. माणसाला तो एकच मजकूर वाटतो, सर्च इंजिनला त्या वेगळ्या प्रती वाटतात आणि त्यांतली एक निवडावी लागते. आपली पसंती कळवण्यासाठी ‘कॅनॉनिकल’ हा टॅग गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी २००९ मध्ये मान्य केला. तो आज्ञा नसून सूचना आहे. इतर खुणा विरोधात असतील तर सर्च इंजिन वेगळा पत्ता निवडते. या टॅगची नेहमीची चूक म्हणजे साच्यात मुखपृष्ठाचा पत्ता लिहून ठेवणे. मग वेबसाइटचे प्रत्येक पान ‘माझे मूळ मुखपृष्ठ आहे’ असे सांगते आणि आतली पाने गळतात.

वेबसाइट नव्या चौकटीवर नेताना पत्ते बदलतात, तेव्हा नुकसान सर्वाधिक होते. प्रत्येक जुन्या पत्त्यावरून त्याच विषयाच्या नव्या पत्त्याकडे ३०१ लावावा. सगळे जुने पत्ते सरसकट मुखपृष्ठाकडे वळवले तर सर्च इंजिन त्यांना बहुधा सॉफ्ट ४०४ समजते आणि वर्षानुवर्षे मिळालेल्या दुव्यांचा फायदा जातो. एका वळणावरून दुसऱ्या, दुसऱ्यावरून तिसऱ्या अशी साखळी झाली असेल, तर ती तोडून थेट शेवटच्या पत्त्याकडे न्यावे.

दोन भाषांच्या वेबसाइटला आणखी काळजी लागते. वर्धा जिल्हा प्रशासनाची वेबसाइट मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत आहे, तशी खासगी वेबसाइटही असू शकते. प्रत्येक भाषेच्या पानाला स्वतंत्र पत्ता असावा आणि दोन्ही पानांवर एकमेकांचा उल्लेख करणारा ‘एचरेफलँग’ टॅग असावा. उल्लेख एकतर्फी असेल तर तो मानला जात नाही. मराठीचा मान्य संकेत ‘एमआर’ आहे. ‘एमए’ किंवा ‘एमएच’ लिहिल्यास काही उपयोग होत नाही. इंग्रजी पानावर यांत्रिक भाषांतराची पट्टी बसवली म्हणजे मराठी वेबसाइट झाली असेही नाही. ते भाषांतर वाचकाच्या ब्राउझरमध्ये घडते, त्याला वेगळा पत्ता नसतो आणि म्हणून इंडेक्समध्ये मराठी पान येत नाही.

कोणते सेलू?

पान इंडेक्समध्ये आहे, प्रतींचा घोळ नाही, तरीही शोधणाऱ्याला परभणीचे निकाल दिसतात, तेव्हा ओळख अपुरी पडलेली असते. पानावर नुसते ‘सेलू’ न लिहिता तालुका, जिल्हा, पिन कोड आणि जवळच्या खुणा स्पष्ट लिहिणे हा पहिला उपाय. वर्धा जिल्ह्यातील पिन कोड ४४२ ने आणि परभणीकडचे ४३१ ने सुरू होतात, त्यामुळे पिनवरून फरक पक्का होतो. रोमन लिपीतील दोन्ही रूपे इंग्रजी पानाच्या वाक्यांत स्वाभाविकपणे एकदा-दोनदा यावीत. पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत ती लपवणे गूगलच्या नियमांविरुद्ध आहे.

यंत्रासाठी हीच माहिती ‘स्ट्रक्चर्ड डेटा’ म्हणून दिली जाते. तिचा शब्दसंग्रह ‘स्कीमा डॉट ऑर्ग’ या नावाने गूगल, बिंग आणि याहू यांनी २०११ मध्ये सुरू केला. व्यवसायाचे नाव, पत्ता, वेळा, दूरध्वनी आणि अक्षांश-रेखांश त्यात ठरावीक साच्यात लिहायचे असतात. हा साचा अतिशय काटेकोर आहे. एक स्वल्पविराम राहिला, किंवा व्हॉट्सअ‍ॅप वा वर्डमधून उचललेल्या मजकुरासोबत वळणदार अवतरणचिन्हे आली, की सगळी माहिती निकामी होते. संख्या देवनागरी अंकांत लिहिल्या तरी तेच. पानावर वाचकासाठी मराठी अंक चालतात. या साच्यात आणि दूरध्वनीच्या दुव्यात मात्र इंग्रजी अंकच लागतात. अक्षांश-रेखांशांची अदलाबदल हीसुद्धा नेहमीची चूक. वर्ध्याचे सेलू साधारण २०.८ उत्तर अक्षांश आणि ७८.७ पूर्व रेखांशावर आहे. आकडे उलटले तर हे ठिकाण उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार द्वीपसमूहात जाते. गूगलच्या ‘रिच रिझल्ट्स’ चाचणीत साच्याची चूक सापडते, पण आकड्यांची अदलाबदल सापडत नाही. ती नकाशावर बिंदू टाकूनच पाहावी लागते.

वेग आणि मोबाइल

गूगल आता वेबसाइटची मोबाइलवरची आवृत्ती वाचून इंडेक्स बनवते. २०१६ मध्ये जाहीर झालेला हा बदल २०२३ मध्ये पूर्ण झाला. म्हणून संगणकावर दिसणारा आणि मोबाइलवर जागेअभावी काढून टाकलेला मजकूर इंडेक्समध्येही जात नाही. वेगाचे मोजमाप ‘कोअर वेब व्हायटल्स’ या तीन आकड्यांत होते. पानाचा मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसावा, बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद यावा आणि मांडणी हलण्याचे माप ०.१ च्या आत असावे. दुसऱ्या मापाने २०२४ मध्ये जुन्या मापाची जागा घेतली.

वेग मंदावण्याची कारणे बहुतेक ठिकाणी तीच असतात. कॅमेऱ्यातून निघालेली अवजड छायाचित्रे थेट चढवलेली, मुखपृष्ठावर आपोआप सरकणारी चित्रमाला, गरजेपेक्षा जास्त प्लगइन आणि जोडाक्षरांमुळे मोठ्या झालेल्या देवनागरी फॉन्ट-फाइली. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे मुक्ता आणि बलू यांसारखे मुक्तपणे वापरता येणारे फॉन्ट उपलब्ध आहेत. त्यांतला एकच फॉन्ट, एक-दोन जाडींत घेतला तर फाइल आटोक्यात राहते. चित्रांना उंची-रुंदी कोडमध्ये दिली आणि फॉन्ट येईपर्यंत मोबाइलमधल्या फॉन्टात मजकूर दाखवला, तर पान हलत नाही आणि कोरेही राहत नाही. मात्र क्रमवारीत वेगाचा वाटा मर्यादित आहे. समर्पक पान थोडे हळू असले तरी असंबद्ध वेगवान पानाच्या वर राहू शकते.

घुसखोरी झाली असेल तर

निकालांत अचानक जपानी अक्षरे, औषधांच्या किंवा जुगाराच्या जाहिराती दिसू लागल्या, तर दोष कोडच्या रचनेचा नसून घुसखोरीचा असतो. अशा हल्ल्यात वेबसाइटवर हजारो बनावट पाने तयार होतात. पुष्कळदा ती फक्त क्रॉलरला दाखवली जातात, त्यामुळे मालकाला वेबसाइट नेहमीसारखीच वाटते. अद्ययावत न केलेले प्लगइन, सोपे पासवर्ड आणि चोरीच्या प्रतींतून घेतलेल्या थीम ही त्याची मुख्य कारणे. आधी शिरकावाची जागा बंद करावी, सर्व पासवर्ड बदलावेत आणि सर्च कन्सोलमध्ये अनोळखी ‘मालक’ जोडला गेला आहे का ते पाहावे. त्यानंतर बनावट पाने काढून त्यांच्या पत्त्यांवर ४०४ किंवा ४१० उत्तर द्यावे. क्रम उलटा केला तर पाने पुन्हा उगवतात.

दुरुस्तीनंतर

प्रत्येक दुरुस्ती वेगळी आणि तारखेसह नोंदवावी. एकाच दिवशी दहा बदल केले तर फायदा कशाचा झाला आणि नुकसान कशाचे, हे कळत नाही. बदलानंतर थेट चाचणी घेऊन गूगलला दिसणारा कोड तपासावा आणि महत्त्वाच्या मोजक्या पानांसाठी इंडेक्सिंगची विनंती करावी. बाकी पानांना साइटमॅप पुरतो. परिणाम दिसायला काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत वेळ लागतो, कारण क्रॉलरला ती पाने पुन्हा वाचावी लागतात. वारंवार विनंती करून तो लवकर येत नाही.

कोड निर्दोष झाला म्हणजे पहिला क्रमांक मिळतोच असे नाही. कोड दुरुस्त केल्याने पान शर्यतीत येते. पुढचे स्थान मजकुराची उपयुक्तता, इतरांकडून मिळणारे दुवे आणि शोधणाऱ्याचे ठिकाण यांवर ठरते. नकाशावरील दुकानांची यादी गूगल बिझनेस प्रोफाइलमधून येते आणि तिथला पत्ता वेबसाइटवरच्या पत्त्याशी जुळणे आवश्यक असते. तालुक्याच्या गावात मात्र स्पर्धा तुलनेने थोडी असते. पान क्रॉलरला उघडले, त्याची मराठी यंत्राला वाचता आली, त्याचा पत्ता एकच राहिला आणि ते वर्ध्याच्या सेलूचे आहे हे स्पष्ट झाले, तर गावाच्या नावाने शोधणाऱ्याला ते सापडण्यात कोडची अडचण उरत नाही.